पीएलजीएपासून सुरुवात करणार असशील तर

पीएलजीए म्हणजे लॅक्टाइड आणि ग्लायकोलाइड जोडून बनवलेलं, शरीरात हळूहळू तुटणारं पॉलिमर; औषध भरायचे बारीक कण यापासून बनवतात. ऑर्डरमध्ये नुसतं 'पीएलजीए' लिहून भागत नाही. लॅक्टाइड-ग्लायकोलाइडचं प्रमाण, रेणुभार आणि साखळीचं टोक, तिन्ही बघ. 50:50 लवकर तुटतं, 75:25 जास्त टिकतं. टोकाला मोकळा आम्लगट असेल तर विघटन आणखी लवकर. 1989 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं ल्युप्रोलाइड या प्रोस्टेट कर्करोगावरच्या औषधाचं महिनाभर पुरणारं इंजेक्शन याच पॉलिमरवर उभं आहे, तेव्हा पाया भक्कम आहे.

फ्रीजरमधली बाटली काढल्या काढल्या उघडायची नाही, आधी खोलीच्या तापमानाला येऊ दे. नाहीतर हवेतलं बाष्प आत जमतं आणि पॉलिमर बाटलीतच तुटायला लागतं.

मोठ्या कणांची गंमत वेगळीच. तयार झालेलं आम्ल आतच अडकतं आणि गाभा पृष्ठभागाआधी पोखरला जातो. प्रथिन भरायचं असेल तर ते या आम्लात टिकतं का, हे आधी तपास.

इमेजिंगसाठी कणात डाय (चमकणारा रंग) नुसता कोंडला असेल तर चमकणारा प्रत्येक ठिपका म्हणजे कण, असं धरून चालू नकोस. गळालेला सुटा डायही पेशीत शिरतो, तोही तितकाच छान चमकतो! शक्यतो डाय साखळीलाच रासायनिक बंधानं जोड. आणि सुट्या डायचं कंट्रोल (तुलनेसाठी नुसता डाय दिलेल्या पेशी) नसलेलं चित्र गाइडना दाखवूच नकोस.