चँडलरच्या घरामागचा पूल: पाणी कसं सांभाळायचं

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ऑक्टोबरात नोकरीसाठी पुण्याहून ॲरिझोनात चँडलरला येताय, ठरवलेल्या भाड्याच्या घरामागे स्विमिंग पूल आहे, आणि करारात पाण्याची देखभाल भाडेकरूवर टाकली आहे. दरमहा पैसे देऊन पूलवाला लावायचा की हे घरच्या घरी जमेल? आणि पाण्यात नक्की काय तपासायचं?

घरच्या घरी नक्की जमेल. मी इथे बरीच वर्षं आमच्या पूलचं पाणी स्वतःच बघते आणि तुम्हीही तेच करावं असं मनापासून वाटतं. पैसे वाचतात ते आहेच, पण खरं कारण वेगळं आहे. पूलवाला आठवड्यातून एकदा येतो. जुलैत इथे ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे ४३ सेल्सिअसच्या वर तापतं. २०२३ साली फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस तसं तापलं होतं. अशा उन्हात सोमवारी टाकलेलं क्लोरीन गुरुवारपर्यंत टिकत नाही. तुमची मुलं शनिवारी पाण्यात उतरणार असतील, तर शनिवारी सकाळी त्या पाण्यात काय आहे हे घरातल्या कोणाला तरी माहीत असायला हवं.

आधी इथलं पाणी समजून घ्या. फिनिक्सभोवतीच्या या खोऱ्यातल्या शहरांना (चँडलर त्यातलंच) सॉल्ट आणि व्हर्डी नद्यांचं पाणी मिळतं आणि कालव्यातून आलेलं कोलोरॅडो नदीचं. दोन्ही पाणी जड. कॅल्शियमची कठीणता नळालाच बहुतेक वेळा २०० पीपीएमच्या पुढे असते. (पीपीएम म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम असं धरून चाला.) आता या कोरड्या हवेत उन्हाळ्यात रोज पाव इंच, कधी त्याहून जास्त पाणी उडून जातं. वर्षभराचं मोजलं तर जवळजवळ पूलच्या सरासरी खोलीइतकं होतं. उडतं ते निव्वळ पाणी. क्षार मागे राहतात, आणि तूट भरायला आपण पुन्हा क्षाराचंच पाणी सोडतो. पेण-उरणच्या मिठागरात जे मुद्दाम करतात, ते इथे प्रत्येक घराच्या मागे आपोआप चालू असतं. इथल्या पूलच्या बहुतेक तक्रारींचं मूळ या साठत जाण्यात आहे, आणि इंटरनेटवर फ्लोरिडातल्या किंवा ओहायोतल्या माणसांनी लिहिलेला सल्ला इथे अर्धवटच लागू पडतो तो यामुळेच.

साठणारी दुसरी गोष्ट आपण स्वतःच्या हाताने घालतो: सायन्युरिक ॲसिड. इथे सगळे त्याला स्टॅबिलायझर किंवा नुसतं सीवायए म्हणतात. ते लागतंच, कारण त्याच्याशिवाय ऊन पाण्यातलं अर्धं क्लोरीन तासाभराच्या आत मोडून टाकतं. सीवायए क्लोरीनला धरून ठेवतं आणि लागेल तसं सोडतं. पण ते ३० ते ५० पीपीएम असेल तोवरच हे सुखाचं असतं. फार वाढलं, की क्लोरीन इतकं घट्ट धरतं की मोजमापात क्लोरीन दिसतं आणि तरीही भिंतीला शेवाळ धरतं. एक अंगठेनियम लक्षात ठेवा: फ्री क्लोरीन, म्हणजे पाण्यात अजून कामाचं उरलेलं क्लोरीन, कधीही सीवायएच्या साडेसात टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायचं नाही. सीवायए ५० असेल तर किमान ४, आणि रोजच्या वापरात ५-६ ठेवलेलं बरं. सीवायए १०० झालं की किमानच ७-८ होतं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राची, म्हणजे सीडीसीची, किमान पातळी १ पीपीएम आहे आणि सीवायए वापरत असाल तर २. पण तेवढ्यावर इथल्या उन्हाळ्यात शेवाळ रोखता येत नाही.

हे सीवायए वाढतं कशातून? टॅब्लेटमधून. दुकानात तीन इंची पांढऱ्या गोळ्यांची बादली मिळते. तरंगत्या डब्यात चार गोळ्या टाकल्या की आठवडा निघतो, म्हणून सगळे तेच करतात. त्या गोळ्या ट्रायक्लोरच्या असतात. त्यातून दर १० पीपीएम क्लोरीनमागे ६ पीपीएम सीवायए पाण्यात उतरतं. क्लोरीन खर्च होतं, सीवायए राहतं. आकड्यांत सांगते. तुमचा पूल ३० फूट लांब, १५ फूट रुंद आणि सरासरी ५ फूट खोल धरा. तिन्हींचा गुणाकार करून साडेसातने गुणलं की गॅलन मिळतात: जवळजवळ १७,०००, म्हणजे ६४,००० लिटर. एवढ्या पाण्यात आठ औंसांची एक गोळी सुमारे ३ पीपीएम क्लोरीन देते आणि जवळजवळ २ पीपीएम सीवायए. उन्हाळ्यात रोज तेवढं क्लोरीन लागतंच. म्हणजे महिन्याला सीवायए पन्नास-साठने वर. मेमध्ये ४० वर असलेला पूल जुलै संपायच्या आत दीडशेच्या आसपास जातो, आणि मग ऑगस्टच्या पावसाळी दमट हवेत तो हिरवा पडला की लोकांना कळत नाही काय बिनसलं.

म्हणून माझं ठाम मत: गोळ्या फक्त गावाला जाताना. एरवी पातळ क्लोरीन वापरा. पिवळसर द्रव, १० किंवा १२.५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट, गॅलनच्या कॅनमध्ये मिळतं. १० टक्क्यांचा एक गॅलन १०,००० गॅलन पाण्यात १० पीपीएम देतो, तुमच्या पूलमध्ये साधारण ६. रोज संध्याकाळी ऊन उतरल्यावर, पंप चालू असताना, पाणी परत येतं त्या तोंडासमोर हळूहळू ओतायचं. कॅन गॅरेजमध्ये महिनोन्‌महिने साठवू नका, उष्णतेने ते फिकं पडतं. दुकानात कॅनवरची तारीख बघून ताजं घ्या.

आता तपासणीकडे येते, कारण तुमच्या प्रश्नाचा गाभा तोच आहे. आपल्याकडे खेड्यात टीसीएल पावडर टाकल्यावर ग्रामपंचायतीचा कर्मचारी ओटी टेस्ट करतो, पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे असं समजतो. नळाच्या पाण्यात ०.२ पीपीएम उरलंय का एवढंच बघायला ती पुरते. इथल्या स्वस्त किटमध्ये तीच पिवळी परीक्षा असते, आणि पूलला ती कमी पडते. ती एकूण क्लोरीन सांगते. त्यातलं कामाचं किती आणि घाम-लघवीतल्या नायट्रोजनशी बांधलं जाऊन निकामी झालेलं किती, हे सांगत नाही. बांधलेल्या त्या क्लोरीनला क्लोरामाइन म्हणतात. सार्वजनिक पूलवर डोळे झोंबवणारा जो ‘क्लोरीनचा’ वास येतो तो क्लोरामाइनचा असतो, आणि तो आला तर कामाचं क्लोरीन कमी पडतंय असं समजायचं.

तेव्हा एफएएस-डीपीडी पद्धतीचं, म्हणजे थेंब मोजून क्लोरीन काढायचं, किट घ्या. टेलर कंपनीचं के-२००६ हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं, किंमत शंभर डॉलरच्या आसपास. घेताना नाव आणि आकडा नीट बघा, कारण टेलरचीच थोड्या वेगळ्या नावांची काही किट फक्त रंग जुळवायची आहेत. पद्धत अशी: कोपरभर खोलीवरून पाणी घ्यायचं, नळीत १० मिलिलिटर. किटमधल्या इवल्या चमच्याने दोन चमचे पावडर टाकली की पाणी गुलाबी होतं. मग थेंब थेंब द्रव टाकत, ढवळत जायचं. रंग पूर्ण उडेपर्यंत पडलेल्या थेंबांची निम्मी संख्या म्हणजे फ्री क्लोरीन. रंग जुळवण्याची भानगडच नाही, त्यामुळे घरातल्या दोघांनी मोजलं तरी उत्तर एकच येतं. साध्या रंग जुळवायच्या डीपीडी किटचा धोका असा, की क्लोरीन १०च्या वर असेल तर गुलाबी रंग फिका पडतो किंवा उमटतच नाही, आणि आपण क्लोरीन शून्य समजून आणखी ओततो. कागदी पट्ट्यांवर सीवायएचा आकडा तर मुळीच धरू नका. पूलच्या दुकानात फुकट तपासून देतात, पण तिथे तपासणारा आणि विकणारा एकच असतो. यादी हातात पडली की घरी येऊन स्वतः मोजा आणि मगच काय आणायचं ते ठरवा.

सीवायएच्या परीक्षेत पाणी आणि किटमधला द्रव सारख्या प्रमाणात मिसळले की दुधासारखा गढूळपणा येतो. मग ते काळा ठिपका असलेल्या नळीत ओतत जायचं आणि ठिपका दिसेनासा झाला की थांबायचं. भर दिवसा, अंगणात, उन्हाकडे पाठ करून, नळी आपल्या सावलीत धरून करा. घरातल्या दिव्याखाली केलीत तर आकडा भरकटतो. महिन्यातून एकदा पुरे. क्लोरीन आणि पीएच मात्र उन्हाळ्यात दिवसाआड, हिवाळ्यात आठवड्यातून एकदोनदा.

पीएच ७.४ ते ७.८ मध्ये ठेवा. इथे तो सतत वर चढतो, कारण नळाच्या पाण्यात अल्कलिनिटी (ॲसिड शोषून घेणारे क्षार) भरपूर असते, कार्बन डायऑक्साइड पाण्यातून उडत राहतो, आणि कारंजं किंवा धबधबा असेल तर आणखी भराभर उडतो. उतारा म्हणजे म्युरिॲटिक ॲसिड, आपल्याकडे फरशी घासायला आणतो तेच हायड्रोक्लोरिक. इथे ३१.४५ टक्क्यांचं मिळतं. तुमच्या एवढ्या पूलमध्ये ८ वरून ७.५ वर यायला पाऊण ते एक लिटर लागेल. पण आधी निम्मं टाका, तासाभराने मोजा, मग उरलेलं. बऱ्याच ठिकाणी अल्कलिनिटी वाढवायला खायचा सोडा टाकायचा सल्ला वाचाल. तो सोडा खरंच तेच काम करतो, पण चँडलरमध्ये तशी वेळ फारशी येत नाही. मी अल्कलिनिटी ७०-८० वर ठेवते. ती खाली असली की पीएच सावकाश चढतो आणि टाइलच्या काठावर पांढरा थर कमी बसतो.

तो पांढरा थर म्हणजे साठलेलं कॅल्शियम. कठीणता ४०० पर्यंत असावी असं किटच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं, इथे ६००-७०० वरही लोक पीएच काबूत ठेवून चालवतात. त्यापुढे मात्र पाणी बदलावंच लागतं. सीवायए काढायलाही व्यवहारात तोच मार्ग, निम्मं पाणी बदललं की सीवायए निम्मं. काही जण रिव्हर्स ऑस्मोसिसची गाडी बोलावून तेच पाणी गाळून घेतात, ते महाग पडतं पण पाणी वाचतं. पूल रिकामा करायचा तर नोव्हेंबर ते मार्चमध्ये. भर उन्हाळ्यात उघडं पडलेलं प्लास्टर तापून तडकतं. आणि पाणी रस्त्यावर सोडायचं नाही. घराच्या सांडपाण्याच्या नळीला बाहेर एक झाकण असतं, त्यात सोडायचं. आधी शहराच्या संकेतस्थळावरचा नियम वाचून घ्या.

पाणी अचानक क्लोरीन खाऊ लागलं तर एक सोपी परीक्षा आहे. अंधार पडल्यावर क्लोरीन मोजा, सूर्य उगवायच्या आत पुन्हा मोजा. रात्री ऊन नाही, पोहणारं कोणी नाही. तरीही १ पीपीएमपेक्षा जास्त घट झाली असेल तर डोळ्यांना दिसत नसलं तरी शेवाळ सुरू झालंय. त्याच दिवशी क्लोरीन चढवा, भिंती ब्रशने घासा, पंप चालू ठेवा. एप्रिलच्या सुमारास पालो व्हर्डीच्या झाडांची पिवळी फुलं स्किमर, म्हणजे पाण्यावरचा कचरा ओढून घेणारी जाळी, भरून टाकतात, आणि जून ते सप्टेंबरच्या मोसमात धुळीची वादळं येतात. दोन्ही वेळी हे हमखास होतं. दुर्लक्षाने पूल हिरवा झाला तर त्यात डास होतात. इथे डासांमुळे पसरणाऱ्या वेस्ट नाइल तापाची साथ येते, आणि शेजाऱ्यांची तक्रार काउंटीकडे जाते.

घरमालक ‘हा सॉल्ट पूल आहे, क्लोरीनची कटकट नाही’ म्हणाला तर विश्वास ठेवू नका. पाण्यातल्या सुमारे ३००० पीपीएम मिठापासून ते यंत्र विजेने क्लोरीनच बनवतं. तपासण्या सगळ्या त्याच, फक्त पीएच जास्त चढतो आणि जड पाण्यामुळे यंत्राच्या पट्ट्यांवर थर बसतो.

आता सुरक्षेचं, आणि हे कृपा करून दोघांनी वाचा. ॲसिड आणि क्लोरीन एकमेकांजवळ ठेवू नका. एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू निघतो. ट्रायक्लोरच्या गोळ्या आणि कॅल्शियम हायपोक्लोराइटची पावडर एका डब्यात, एका मापात, कधीच नाही. त्यातून आग लागते, स्फोट होतो. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही. चष्मा आणि हातमोजे घालून, वाऱ्याची दिशा बघून. अमेरिकेत १ ते ४ वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बुडणं हे आहे. घरात सहा वर्षांखालचं मूल राहत असेल तर ॲरिझोनाच्या कायद्यानुसार पूलभोवती किमान पाच फूट उंच कुंपण आणि आपोआप मिटून कडी लागणारं फाटक हवं. तुमचं धाकटं अजून सहाचं नसेल, तर कुंपण प्रत्यक्ष उभं असल्याशिवाय सामान उतरवू नका.

सही करायच्या आधी मालकाला तीन गोष्टी लेखी विचारा: पाणी शेवटचं कधी बदललं, सध्या सीवायए किती, कॅल्शियम किती. सीवायए १००च्या वर असेल तर पाणी बदलून देण्याची अट करारात घाला. तुम्ही ऑक्टोबरात येताय, म्हणजे त्यासाठी योग्य दिवस लगेच पुढे आहेत, आणि मालकाला ‘सध्या ऊन फार आहे’ असं म्हणता येणार नाही. किट विमानात आणायच्या भानगडीत पडू नका, त्यातले द्रव सामानात अडवतील. इथल्या पत्त्यावर मागवा, पोचायच्या दिवशी दारात असेल असं. पहिल्या दिवशी पाचही गोष्टी मोजा, क्लोरीन, पीएच, अल्कलिनिटी, कॅल्शियम, सीवायए, आणि ते आकडे मला कळवा. पूलची लांबी-रुंदी-खोलीही लिहा, म्हणजे पहिल्या आठवड्यात काय किती टाकायचं ते मी मोजून देते.