तोरणा राहू दे

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा बेत कळला. दिवाळीनंतर कॉलेजची सगळी मंडळी जमणार, त्यातला एक तर थेट जर्मनीहून येणार आणि तुम्ही एका दिवसात राजगड-तोरणा मारणार. तुम्ही इतक्या वर्षांनी भेटताय याचा मला मनापासून आनंद झालाय. पण माझं ऐक, तोरणा राहू दे. या वेळी फक्त राजगड करा, तोही सावकाश.

राजगड-तोरणा एका दिवसात करायचा म्हणजे अंधारात चढायला लागायचं, राजगडाच्या संजीवनी माचीवरून, म्हणजे गडाच्या तटबंदी केलेल्या लांब सोंडेवरून, उतरून त्या लांबलचक धारेवर घड्याळाकडे बघत चालायचं आणि तोरण्याच्या पायथ्याला वेल्ह्यात पोहोचायच्या आत दिवस मावळेल की काय या धास्तीत राहायचं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सहाच्या सुमारास सूर्य बुडतो. दर रविवारी डोंगरात असणाऱ्यांना हे जमतं. तुझे निम्मे मित्र मात्र कित्येक वर्षं खुर्चीला चिकटून आहेत, आणि तुझ्या डोक्यात त्यांचे पाय अजून कॉलेजातलेच आहेत. डोंगर निवडताना कोण कोण येणार आहे ते आधी बघायचं असतं. एकटा जाशील तेव्हा हवा तो गड निवड. जुन्या मित्रांबरोबर असशील तेव्हा त्यांना झेपेल आणि वर गप्पांना वेळ उरेल, असाच निवड.

राजगड त्यासाठी अगदी योग्य आहे. पायथ्याच्या गुंजवणे गावातून चोर दरवाजाने चढा आणि पाली दरवाजाने उतरा. चोर दरवाजाची वाट शेवटी उभी आहे, रेलिंग धरून चढावं लागतं. पण चढताना छातीवर ताण येतो, गुडघ्यावर कमी. उतरताना नेमकं उलटं. पालीची वाट रुंद आहे, पायऱ्यांची आहे, दुखऱ्या गुडघ्यांना ती मानवते. फक्त ती वाजेघरच्या बाजूला उतरते, तेव्हा गाडी गुंजवण्यात सोडून जाऊ नका. ड्रायव्हरला दुपारीच तिकडे यायला सांगून ठेव.

आता चालण्याबद्दल. ही गोष्ट मी इतक्या ग्रुपमध्ये बघितली आहे की तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. पुढचे चार जण झपाझप जातात, सावलीत टेकतात, पाणी पितात, फोटो काढतात. दहा मिनिटांनी शेवटचा धापा टाकत येतो. तो आला रे आला की पुढचे उठतात, ‘चला, सगळे आले!’ म्हणजे ज्याला विश्रांतीची खरी गरज आहे त्याला दिवसभर ती मिळतच नाही, आणि ज्यांना नको त्यांना पोटभर मिळते. त्या माणसाचा चेहरा दुपारपर्यंत उतरतो, आणि पुढच्या वर्षी तो काहीतरी कारण काढून येत नाही. म्हणून सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढून दुसरा ठेव. सगळ्यांची चाल आपोआप त्याच्या चालीवर येते आणि त्याला कोणी काही बोललं असंही होत नाही. तू स्वतः सर्वांत मागे राहा. थांबायचं ठरलं की शेवटचा माणूस बसल्यावर घड्याळ लाव.

जुने मित्र दमलो म्हणून कबूल करत नाहीत, हेही ध्यानात ठेव. अनोळखी ग्रुपमध्ये माणूस सरळ सांगतो की माझा दम संपला. मित्रांसमोर तो बुटाची लेस बांधायला वाकतो, नाहीतर सोनकीच्या एखाद्या उरल्यासुरल्या फुलाचा फोटो काढत बसतो. दोनदा लेस बांधली की समज, आणि तूच ‘जरा टेकू या रे, मला पाणी प्यायचंय’ असं म्हण. कोणाला बीपीची गोळी आहे, कोणाची शुगर आहे, हे निघण्याआधी प्रत्येकाला एकेकटं फोन करून विचार. ग्रुपवर विचारलंस तर कोणी उत्तर देणार नाही.

आणि मला ज्यासाठी हे पत्र लिहावंसं वाटलं ते आता सांगते. आमचा ग्रुप दर वर्षी दसऱ्यानंतर कुठल्या तरी डोंगरावर जातो. एकदा राजगडावर सुवेळा माचीकडे निघालो होतो. तिकडे वाट अरुंद आहे, एकामागे एकच चालावं लागतं, आणि त्या दिवसांत दोन्ही बाजूंनी कमरेइतकं सुकत आलेलं गवत असतं. माझा एक जुना मित्र माझ्या मागे होता. बराच वेळ फक्त बुटांचा आवाज येत होता. मग तो एकदम बोलायला लागला. नोकरी गेल्याला तीन महिने झाले होते, घरी अजून सांगितलं नव्हतं, रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडत होता. मी मागे वळले नाही. वळले असते तर तो गप्प झाला असता, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. मी फक्त चाल कमी केली आणि मधूनमधून ‘हं’ म्हणत राहिले. नेढ्यापर्यंत, म्हणजे माचीवरच्या कातळातल्या आरपार भोकापर्यंत, त्याचं सगळं बोलून झालं. तिथे वारा जोराचा होता. आम्ही बसून भडंग खाल्लं, पुढे काय करता येईल ते बोललो. घरी परतल्यावर त्याच रात्री त्याने बायकोला सांगितलं.

हॉटेलात टेबलाभोवती बसल्यावर हे होत नाही. तिथे सगळे सगळ्यांकडे बघत असतात, जुने किस्से निघतात, हसणं होतं, आणि ज्याला खरं काही बोलायचंय तोही हसत बसतो. पायवाटेवर दोघं-दोघंच राहतात, नजर पायाखाली असते, आणि मधली शांतता कोणाला टोचत नाही. पण चालताना दम राहिला पाहिजे. धाप लागलेला माणूस बोलत नाही. तोरणा राहू दे म्हणते ते मुख्यतः यासाठी.

तेव्हा वेळ असा ठेव. सहाला चढायला लागलात की ऊन चढायच्या आत पद्मावती माचीवर असाल. ही हवा फसवी असते: सकाळी गारवा, आणि अकरानंतर असं ऊन की डोकं भणभणतं. प्रत्येकाजवळ तीन लिटर पाणी, त्यात एका बाटलीत लिंबू-मीठ-साखर. टाक्यातलं पाणी तसंच पिऊ नका. माचीवर शिवाजी महाराजांच्या पत्नी सईबाईंची समाधी आहे. 1659 मध्ये त्या याच गडावर वारल्या. 1666 मध्ये महाराज आग्र्याहून निसटून परत आले तेही इथेच. तिथे निवांत बसा, त्या काळाबद्दल एकमेकांना सांगा. मग बालेकिल्ला नाहीतर सुवेळा, दोन्हींपैकी एकच. हवा पावसाने धुतलेली असते, त्यामुळे सिंहगड, पुरंदर, तोरणा सगळे लख्ख दिसतात. तोरणा तिथूनच दाखव सगळ्यांना. 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत राजगडाचं नाव आल्यापासून लोकांची ओढ वाढली आहे, तेव्हा शनिवार-रविवार टाळता आला तर बघ. बालेकिल्ल्याच्या रेलिंगवर खोळंबून राहण्यात तुमचा अर्धा दिवस जायला नको.

कड्यांवर आग्या मोहोळं असतात. अत्तर-डिओ लावून कोणी येऊ नका, गडावर धूर करू नका, आरडाओरडा नको. माश्या उठल्याच तर हात झटकू नका, तोंड-मान झाकून तिथून लांब व्हा. उतरताना सुकलेल्या मुरमावरून पाय सटकतो, एखाद-दोन काठ्या बरोबर असू देत.

जेवण गावातच घ्या, पिठलं-भाकरी आणि ठेचा. पण त्या दिवसांत भातकापणी चालू असते, घरातली सगळी माणसं खाचरात असतात. ऐन वेळी दारात जाऊन दहा जणांचं जेवण मागू नका, आदल्या दिवशी फोन करून किती माणसं ते सांग. वाजेघरला एक ताई करून देतात, त्यांचा नंबर मी तुला पाठवते. पैसे सांगतील तेवढे द्या, घासाघीस नको.

नक्की कोण कोण येतंय ते ठरलं की कळव. आणि जर्मनीच्या मित्राला आजच सांग, ट्रेकसाठी नवे बूट घेतले असतील तर ते तिकडेच चार-पाच दिवस घालून फिरवून घे म्हणावं.

तुझी,
ताई