दंगल शमल्यावर मिशनमधले पहिले महिने कसे असतात?

आपण विचारले आहे की, आपली धाकटी बहीण धर्मभगिनी असून दंगलीनंतर नुकत्याच शांत झालेल्या भागात मिशनवर परत जाणार आहे, तर तिथले सुरुवातीचे दिवस कसे जातात. मी मूळची वसईची. 2008 साली केनियातल्या एल्डोरेट शहराबाहेर मिशनच्या दवाखान्यात परिचारिका होते, म्हणून तिथलेच सांगते.

27 डिसेंबर 2007 रोजी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली, 30 तारखेला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष म्वाई किबाकी विजयी घोषित झाले, विरोधी उमेदवार राइला ओडिंगा यांच्या गटाने निकाल धुडकावला आणि त्याच संध्याकाळी जाळपोळ सुरू झाली. आमच्याकडे कालेंजिन आणि किकुयु या दोन जमातींमधले जमिनीचे जुने वैर त्या निमित्ताने उफाळून आले. 1 जानेवारीला जवळच्या किआंबा गावातले चर्च आत आसऱ्याला आलेल्या किकुयु बायकामुलांसह पेटवले गेले. देशभरात 1,100 हून अधिक माणसे मेली, लाखो बेघर झाली. 28 फेब्रुवारीला संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या मध्यस्थीने समेट झाला आणि आपण म्हणता ती शांतता आली.

आली म्हणजे रस्त्यावरचे अडथळे उठले, मटाटू, म्हणजे तिथल्या प्रवासी व्हॅन, धावू लागल्या, दवाखान्यात पुन्हा रांग लागली. पण नोंदवहीत नाव लिहायला मी मान खाली घातली की समोरची बाई नुसते ‘मेरी’ म्हणून गप्प बसायची. पुढचे नाव विचारले की भिंतीकडे बघायची, कारण वांजिकू म्हटले की किकुयु, चेबेट म्हटले की कालेंजिन, आणि मागे रांगेत कोण उभे आहे हे तिला माहीत नसायचे. त्या वहीची कितीतरी पाने मेरी, जोसेफ आणि ग्रेस यांनीच भरलेली होती. एकाच दिवशी तीन मेरी आल्या तर औषधांचा घोळ होऊ नये म्हणून मी खुणा करून ठेवत असे: निळा स्कार्फ, जुळी मुले, डाव्या हातावर भाजल्याचा डाग.

याहून अवघड होते ते आमच्या स्वतःच्या घरात. आम्ही पाच जणी होतो. दोघी कालेंजिन, एक किकुयु, एक लुओ आणि मी, जिला सगळे ‘मुहिंदी’, म्हणजे भारतीय, म्हणत. बाहेरच्यांना वाटते की धर्मभगिनींच्या मठात जमात वगैरे उंबऱ्याबाहेर राहत असेल. तसे नसते. जेवताना रेडिओवर बातम्या लागल्या की कोणीतरी उठून आवाज कमी करी आणि मग उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड म्हणा, मोडण्याशिवाय दुसरे काही होत नसे. किकुयु सिस्टरच्या भावाचे घर जळले होते आणि ते जाळणाऱ्यांची गावे आम्हाला ठाऊक होती, कारण तिथली मुले आमच्याकडेच लसीला येत. मी परकी असल्यामुळे प्रत्येक जण आपली तक्रार माझ्याजवळ एकांतात आणत असे. मला त्याचा ताण येई, पण उपयोगही झाला.

त्या काळात चर्चमधल्या मिस्सामध्ये, म्हणजे सामूहिक उपासनेत, ‘एकमेकांना शांती द्या’ म्हटल्यावर पुष्कळ लोक हात बांधून उभे राहत. काही धर्मगुरूंनी लगेच क्षमेवर प्रवचने सुरू केली. मला ती चूक वाटली आणि आजही वाटते, कारण ज्याचे घर जळाले त्याच्याकडूनच ती क्षमा मागितली जात होती. एल्डोरेटचे बिशप कॉर्नेलियस कोरीर यांनी ही घाई केली नाही. स्वतः कालेंजिन असूनही त्यांनी कॅथेड्रलच्या आवारात हजारो विस्थापितांना, त्यांतही बहुतेक किकुयुंना, आसरा दिला आणि पुढे दोन्ही बाजूंच्या बैठका प्रथम वेगवेगळ्या घेतल्या. प्रत्येकाला आपला राग आपल्या माणसांत ओकू दिला आणि त्यानंतरच मोजकी माणसे समोरासमोर बसवली. एकत्र काम म्हणून रस्ता, शाळा अशा दोघांना लागणाऱ्या गोष्टी हाती घेतल्या.

त्या वर्षी ईस्टर 23 मार्चला, म्हणजे नेमका मक्याच्या पेरणीच्या तोंडावर आला. त्याआधीच्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे येशूच्या यरुशलेम प्रवेशाच्या सणाला, रिवाजाप्रमाणे हातात हिरवी फांदी घ्यायला काही बायका तयार झाल्या नाहीत. जानेवारीत अडथळ्यांवरून सुखरूप सुटण्यासाठी गाड्यांना अशाच फांद्या बांधाव्या लागत होत्या. मे महिन्यात सरकारने विस्थापितांना घरी धाडण्याची मोहीम काढली, पण अनेकांनी शेताजवळ तंबू ठोकले, दिवसा नांगरले आणि रात्री एकत्र झोपले.

बहिणीला एवढेच सांगा की पहिले काही महिने कोणाला आडनाव विचारू नये, दोन्ही बाजूंच्या घरी चहा प्यावा आणि एका घरी ऐकलेले दुसऱ्या घरी बोलू नये. आमची किकुयु सिस्टर त्या जूनमध्ये नैरोबीला बदली मागून गेली. तिच्या खोलीत आम्ही सलाइनची खोकी ठेवली आणि पुढे दोन वर्षे ती खोली तशीच राहिली.