गाणं अजिबात न शिकलेल्या माणसाने संगीत-साहित्याच्या कोड्यांच्या ग्रुपमध्ये राहावं का?

मैत्रिणीने तुम्हाला अशा एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये ओढलंय, तिथे राग, ताल, कवी यांच्यावरची आडवळणी कोडी चालतात, तुम्हाला 'सारेगम'पुढे काही येत नाही, आणि आता गुपचूप बाहेर पडावं का, असं तुम्ही विचारलंय. पडू नका. माझं मेडिकलचं दुकान आहे, गळ्यात सूर नाही, पेटीला कधी हात लावलेला नाही, तरी २०२०च्या टाळेबंदीपासून आमच्या नऊ जणांच्या ग्रुपमध्ये ठाण मांडून बसलोय. दर शनिवारी रात्री साडेनऊला एकाची पाळी. नियम एकच: गूगल करायचं नाही.

कोडी कशी सुटतात ते एका कोड्यावरूनच सांगतो. ठाण्याच्या काकूंनी घातलेलं होतं:

"मुखाला चंद्रच म्हणतो. सात पावलं चालतो, पण पहिलंच पाऊल रिकामं. नाटकवाल्यांच्या घरी याची दहा लेकरं. कोण हा?"

'चंद्र' दिसल्याबरोबर आमची जाणकार मंडळी चंद्रकंस रागाकडे धावली. पण त्यात सूर पाच, मग सात आणायचे कुठून? कुणीतरी सप्तपदी काढली, त्यावरून ज्यात ज्यात लग्न लागतं ती संगीत नाटकं आठवून झाली. पाऊण तास हाच गोंधळ. मी तोवर शटर अर्धं ओढून बिलाच्या पाठीमागे कोडं लिहून काढलं होतं आणि पहिल्याच वाक्यावर अडकलो होतो. 'चंद्रासारखं' नाही, 'चंद्रच'. शाळेतल्या व्याकरणाच्या बाईंनी हे घोटून घेतलं होतं: मुख चंद्रासारखं म्हटलं की उपमा, मुख हाच चंद्र म्हटलं की रूपक. रागदारीच्या एवढ्या चर्चेत दहावीचं व्याकरण काढायची लाज वाटली, पण टाकलं: "रूपक अलंकार?" पुढे प्रश्नचिन्ह लावून, म्हणजे माघार घ्यायला जागा.

डॅलसला असलेला आमचा तबलजी मुलगा लगेच 'टायपिंग' दिसायला लागला, मग थांबला, आणि व्हॉइस नोट आली. बोलला काहीच नाही. टेबलावर बोटं आपटत नुसतं, "ती ती ना, धी ना, धी ना." रूपक ताल! सात मात्रा, तीन-दोन-दोन. बाकीच्या तालांत समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, टाळी पडते, रूपकात समच खाली, म्हणजे बिनटाळीची. पहिल्या मात्रेला टाळी न देता हात नुसता बाजूला करायचा. हेच ते रिकामं पाऊल. आणि दहा लेकरं? ती बंगळूरच्या अण्णांनी दिली: संस्कृतात नाट्यकृतीला रूपक म्हणतात, त्याचे प्रकार दहा, आपण ज्याला नाटक म्हणतो तो त्यातला एक. धनंजयाच्या ग्रंथाचं नावच 'दशरूपक'.

आता बघा, सोडवणाऱ्यांपैकी कुणा एकट्याला तिन्ही गोष्टी माहीत नव्हत्या. मला ताल येत नाही, डॅलसवाल्याला अलंकार म्हणजे दागिने एवढंच ठाऊक. माझं भीतभीत टाकलेलं उत्तर नसतं तर त्याची बोटं वाजली नसती. म्हणून म्हणतो, अर्धवट सुचलं तरी ग्रुपवर टाका. मनात ठेवलेल्या बरोबर उत्तराचा कुणाला उपयोग नाही.

टोपणनावांची कोडी सारखी येतात, त्यांचा सराव लवकर होतो. "दोघं थोरले भाऊ, धाकटी भावंडं नावातच लपवलेली" म्हणजे गोविंदाग्रज आणि कुसुमाग्रज, अर्थात गडकरी आणि शिरवाडकर. "कविता बाईच्या नावाने, कादंबरी स्वतःच्या" म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर, कवितेपुरते आरती प्रभू. गाण्यातही तेच चालतं, फक्त सही बंदिशीच्या आत असते: प्रेमपिया म्हणजे फैयाज खाँ, सबरंग म्हणजे बडे गुलाम अली खाँ, गुणिदास म्हणजे जगन्नाथबुवा पुरोहित. दहाबारा नावं पाठ केलीत तरी पहिले सहा महिने निभतील.

अण्णांची कोडी मात्र वेगळ्याच जातीची. त्यांच्या घरी तंजावरी मराठी आणि कानावर कर्नाटक संगीत. त्यांनी एकदा विचारलं, "ही पासष्टाव्या घरात राहते. नंबर पाटीवर नाही, नावात आहे. तुमच्याकडे संध्याकाळी भेटते." आम्ही सपशेल हरलो. उत्तर मेचकल्याणी, म्हणजे आपल्या यमन रागाची तिकडची बहीण. कर्नाटक पद्धतीत ७२ मेळ, म्हणजे रागांचे मूळ स्वरसंच, आहेत आणि मेळाचा क्रमांक त्याच्या नावाच्या पहिल्या दोन अक्षरांत दडवलेला असतो. क, ट, प, य या चौघांपासून प्रत्येकी नव्याने मोजायचं. क १, ख २, असं करत च ६. प १, फ २, करत म ५. मग 'मे' ५, 'च' ६, आणि आकडे उलटे वाचायचे: ६५. याला कटपयादी म्हणतात. धीरशंकराभरण या मेळात ध ९, र २, म्हणून २९. दुसऱ्या दिवशी मी दुकानात बसून हेच करत होतो. एका गिऱ्हाईकाने कफाचं औषध मागितलं. क १, फ २, उलटं २१, म्हणजे कीरवाणी हा मेळ. बाटली द्यायची राहूनच गेली.

कोडी घालणं हे सोडवण्याहून अवघड, हेही आत्ताच सांगून ठेवतो. माझ्या गेल्या पाळीला मी मोठ्या ऐटीत टाकलं: "पाचच सूर, सगळे शुद्ध, म आणि नी घराबाहेर." उत्तर माझ्या मते भूप राग. काकूंनी शांतपणे लिहिलं, "देशकार." सूर तेच पाच! भूपात गंधार वादी, म्हणजे मुख्य सूर, वेळ रात्रीची. देशकारात धैवत वादी, वेळ सकाळची. मी वेळही दिली नव्हती आणि वादीही. नियमाप्रमाणे गुण काकूंना, आणि दंड म्हणून माझ्या पुढच्या दोन पाळ्या बंद.

तो दंड आता संपलाय, या शनिवारी पुन्हा मी आहे. मारवा, पूरिया आणि सोहनी हे राग काढतोय. तिघांचे सूर तेच सहा, पंचम कुणाकडेच नाही. या खेपेला कोण सूर्य बुडताना येतो आणि कोण रात्र सरताना, ते पहिल्या ओळीतच लिहून ठेवलंय.