गाणं थांबलं की हेडफोनमध्ये सुस्स येतंय? आयसी काढण्याआधी व्हॉल्यूमचा पॉट बघा

तुम्ही विचारलंय की एनई ५५३२ (सिग्नल वाढवणारी ऑप-अ‍ॅम्प आयसी) वर घरी बनवलेल्या हेडफोन अ‍ॅम्पमध्ये गाणं थांबलं की ‘सुस्स’ ऐकू येतं, पॉटला (आवाज कमी-जास्त करायच्या फिरत्या रेझिस्टरला) बोट लागलं की गुणगुण बदलते, तर ही आयसी काढून महागडी टाकू का? नका टाकू. ५५३२ चा स्वतःचा नॉईज साधारण ५ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ आहे (नॉईज मोजायचं हे एकक, पुढं नुसतं नॅनोव्होल्ट म्हणतो), हेडफोनला तो पुरेसा कमी आहे. तुमच्या सर्किटमध्ये व्हॉल्यूमचा पॉट १०० के (के म्हणजे हजार ओहम) आहे आणि गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो तो आकडा, ११. दुखणं तिथं आहे.

कुठलाही रेझिस्टन्स उष्णतेमुळे थोडा नॉईज करतोच. १ के चा सुमारे ४ नॅनोव्होल्ट, आणि रेझिस्टन्स शंभरपट झाला की नॉईज दहापट. १०० के चा पॉट निम्म्यावर असला की आयसीला तो २५ के सारखा दिसतो, म्हणजे एकट्या त्याचे २० नॅनोव्होल्ट झाले. वर ५५३२ च्या इनपुटचा करंट नॉईज याच २५ के मधून जातो आणि आणखी १७-१८ ची भर घालतो. सगळ्यांचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढलं तर २७ च्या आसपास येतात. तिथंच १० के चा डबल लॉग पॉट (डबल म्हणजे एकाच दांड्यावर दोन्ही कानांचे दोन, लॉग म्हणजे आधी सावकाश आणि शेवटी भराभर वाढणारा) लावा, आकडा ८ वर येतो.

खात्री करायची असेल तर मोबाइल फोन इनपुटला जोडलेला ठेवा, गाणं थांबवा आणि पॉट सावकाश फिरवा. सुस्स मधे कुठंतरी वाढून दोन्ही टोकांना कमी होत असेल तर चोर पॉटच. (लॉग पॉटची विजेची निम्मी वाटणी फिरवताना पाऊण अंतराच्या आसपास येते, म्हणून मधोमध थांबून ऐकू नका.) आमच्याकडे सोलापूरच्या पूर्व भागात दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट असतो, त्यात हे बारीक आवाज कळत नाहीत. मी ही तपासणी गल्लीतले माग थांबल्यावर, रात्रीच करतो.

गेन ३ पुरे. फीडबॅकला, म्हणजे आउटपुटपासून आयसीच्या उलट (−) इनपुटकडे परत येणारा रेझिस्टर, १० के काढून २ के लावा, तिथून खाली ग्राउंडला जाणारा १ के तसाच राहू द्या. ३२ ओहमच्या हेडफोनला फोनकडून आलेला सिग्नल अकरापट करायची गरजच नसते.

आता गुणगुण. माझ्या पहिल्या अ‍ॅम्पमध्ये हेडफोन जॅकची ग्राउंड वायर (सर्किटचा शून्य व्होल्टचा सामाईक परतीचा रस्ता) मी इनपुट जॅकच्या ग्राउंडला जोडून पुढं नेली होती. हेडफोनचा सगळा करंट त्याच वायरीतून परतायचा आणि इनपुटचं ग्राउंड हलायचं. आठवडाभर आयसी बदलत बसलो होतो. शेवटी ती एक वायर उपटून थेट बॅटरीच्या मधल्या सांध्यावर सोल्डर केली, आणि कानात एकदम शांतता! तेव्हापासून प्रत्येक ग्राउंड वेगळ्या वायरीनं एकाच ठिकाणी आणतो. पॉटचं धातूचं अंग आणि डबाही त्याच ठिकाणी जोडा, म्हणजे बोट लावल्यावर फरक पडणार नाही. डबा धातूचाच हवा. मी आईकडून शेंगाचटणीचा छोटा स्टीलचा डबा मागून घेतला, अजून तोच वापरतोय.

भिंतीतला अ‍ॅडॉप्टर सोडा. ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये घ्या, मधला सांधा म्हणजे ग्राउंड. आयसीच्या ८ आणि ४ नंबरच्या पिनेपासून ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरडचा एकेक सिरॅमिक कपॅसिटर लावा, पाय अगदी आखूड ठेवून. स्विच मात्र दोन्ही बॅटऱ्या एकदम तोडणारा घ्या. एकच बॅटरी सुटली तर आउटपुटवर थेट डीसी येऊन हेडफोनची कॉइल जळू शकते.

म्हणूनच हेडफोन लावण्याआधी मल्टिमीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवून जॅकच्या डाव्या-उजव्या दोन्ही टोकांवर ग्राउंडच्या तुलनेत डीसी मोजा. दहा-वीस मिलिव्होल्टच्या आत असेल तर जोडा. ५० च्या वर गेला तर आधी बॅटरीचे क्लिप आणि ग्राउंडची सोल्डरिंग तपासा.