दलदलीत रोही दिवसा बसतात कुठे

भाऊ, तुमचा प्रश्न असा, की जळगाव जिल्ह्यात चांगदेवच्या वरच्या अंगाला, तापीवरच्या हतनूर धरणाच्या बॅकवॉटरमध्ये खूर दिसतात, लेंड्या दिसतात, पण कॅमेरा घेऊन दिवसभर हिंडलं तरी जनावर काही दिसत नाही. तुम्ही 'हरीण' लिहिलंय, पण वर्णनावरून ती रोही आहेत, नीलगाय. चितळ-सांबर पाहिजे असतील तर यावलच्या नाहीतर वढोद्याच्या जंगलाकडे जावं लागेल. काळवीट आणि चिंकारा तर चिखलाच्या वाटेला फारसे जातच नाहीत.

तुम्ही पाणकणसाच्या, म्हणजे दलदलीतल्या त्या उंच गवताच्या, मधोमध शोधताय, तिथंच घोळ आहे. रवंथ करणारं जनावर एकदा बसलं की बराच वेळ उठत नाही, आणि पोटाखाली ओल ठेवून ते कशाला बसेल? त्याला दलदलीतला कोरडा तुकडा लागतो. हात-दीड हात उंचवटासुद्धा पुरतो. जुना शेतबांध, बुडीत गेलेल्या घराचं जोतं, पुरानं टाकलेला वाळूचा पट्टा, बेशरमीच्या जाळीमागचा ढिगारा, असं काहीही. भोवती चिखल असला तर उलट बरंच, कारण कुत्रं असो की माणूस, येताना पचपच वाजणारच.

हे उंचवटे पायी शोधत बसू नका. गूगल अर्थवर जुन्या तारखांची चित्रं बघता येतात. धरण भरलेलं असतानाचं, ऑक्टोबरच्या आसपासचं चित्र काढा आणि पाण्याबाहेर राहिलेले ठिपके टिपून ठेवा. मग त्याच जागेचं मे महिन्याचं चित्र लावा. पाणी उतरतं तशी लोकं गाळपेर करतात, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात हरभरा टाकतात, आणि हरभऱ्यावर रोह्यांचा फार जीव. चारा पुढं सरकला की बैठकही सरकते. दिवाळीतली जागा होळीला रिकामी सापडते ती यामुळे. पावसाळ्यात तर नादच करू नका. धरणाला ४१ दरवाजे, ते उघडले-मिटले की पाण्याची कड रोज वेगळ्या ठिकाणी.

बैठक ओळखायची खूण म्हणजे दबलेलं लांबट गवत. पण गवत तर म्हशीही दाबतात, म्हणून खाली वाकून बघा. पुढचे गुडघे टेकल्याचे दोन खळगे, एखाद-दोन राखट केस, आणि कडेलाच लेंड्या, कारण उठल्या उठल्या जनावर बहुधा तिथंच टाकतं. लेंडी चमकदार आणि ओली असली तर जागा चालू आहे. भुरकट होऊन तडकली असली तर सोडून द्या. एका जागी लेंड्यांचा मोठा ढीग दिसला तर ती बैठक समजू नका. रोह्यांना ठरलेल्या जागी पुन्हा पुन्हा येऊन लेंड्या टाकायची सवय असते. तो ढीग वाटेवरचा, एवढंच त्यातून कळतं. रानडुकराचा खूर चिखलात वेगळा ओळखू येतो. मागच्या दोन छोट्या नख्या मुख्य खुराच्या बाहेर फाकलेल्या उमटतात.

आत घुसण्यापेक्षा लांबून बसणं केव्हाही बरं. दुर्बीण घेऊन संध्याकाळी बांधावर बसा, रोही कुठल्या कोपऱ्यातून बाहेर येतात ते बघा आणि दुसऱ्या दिवशी तिथून उलटा माग काढत जा. फुफाटा चिमटीत धरून सोडायचा, वारा कळतो. वारा तुमच्याकडून त्यांच्याकडे जात असेल तर त्या दिवशी घरी जा, सांगतो खरं. गायबगळे एकाच झाडोऱ्यावर सारखे उठत-बसत असतील तर खाली काहीतरी आहे. म्हैसही निघेल, पण बघायला काय जातं?

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट. पारा पंचेचाळीसला टेकला की उघड्या गाळपेरीवर सावली कसली? अशा दिवसांत रानडुकरं तर सरळ केळीच्या बागेत घुसतात. रावेर-यावलकडचा कुठलाही केळीवाला सांगेल, ठिबकनं थंड राहिलेली जमीन आणि वरून पानांचं छप्पर. बाग कडेला असली तर आधी तिची कड बघा, दलदल नंतर.

डुकरीण पिलं घालायच्या वेळी गवत ओढून मोठा ढिगारा रचते. तसा ढिगारा दिसला तर उत्सुकता तिथंच गिळा आणि मागं फिरा.

गाळ वरून वाळलेला दिसतो, पापुद्र्याखाली मांडीभर असतो. काठी टोचल्याशिवाय पाय टाकू नका आणि एकटे जाऊ नका. गवतात घोणस असते, बूट गुडघ्यापर्यंतचे घाला. अंधार पडायच्या आत शेतांतून बाहेर या, काही जण पीक वाचवायला कुंपणात चोरून करंट सोडतात. शिकारीवर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची बंदी आहे, तेव्हा हातात कॅमेऱ्याशिवाय काही नको आणि फोटो टाकताना नेमकी जागा लिहू नका. अभयारण्याची हद्द लागत असेल तर वनखात्याची परवानगी आधी काढा, आणि बागेत पाय टाकण्याआधी मालकाला विचारा.