डायलॉग तुम्ही आधी म्हणालात

(पत्राचा सारांश : सांगलीच्या विश्रामबागेतले एक निवृत्त मास्तर लिहितात. शनिवारी रात्री भडंगाचं पातेलं मध्ये ठेवून घरातले सगळे जुना मराठी सिनेमा बघतात. मागच्या महिन्यात साठच्या दशकातला एक तमाशापट लागला होता. त्यातला हवालदार एका बाईवर खेकसतो, ‘कैकाडणीसारखी बोंबलू नकोस!’ मास्तरांना सिनेमा तोंडपाठ. नटाच्या आधी त्यांनीच वाक्य म्हटलं, घर हसलं. सून वाटी घेऊन उठली आणि आत गेली. ती कैकाडी समाजातली, लग्नाला दीड वर्ष झालंय. तेव्हापासून तीन शनिवार तिला नेमकं काहीतरी काम निघतंय. मुलगा म्हणतो, माफी मागा. मास्तर विचारतात, ‘वाक्य माझं नव्हे, सिनेमातलं. त्या काळी असंच बोलत, कुणाला काही वाटत नसे. आता जुने सिनेमे जाळायचे का?’)

नमस्कार मास्तर,

जाळायचं आधी उरकून टाकू. जाळू नका, कापूही नका. अमेरिकेत ‘गॉन विथ द विंड’ हा १९३९ चा गाजलेला सिनेमा. त्यात गुलामगिरीचं गोडगोड चित्र आहे, म्हणून जून २०२० मध्ये तिथल्या एका स्ट्रीमिंग सेवेनं तो उतरवला आणि त्याच महिन्यात परत लावला. एकही प्रसंग काढला नाही, फक्त सुरुवातीला एका अभ्यासक बाईंचं काही मिनिटांचं बोलणं जोडलं. मला हे पटतं. ती वाक्यं कापून टाकली तर तुमच्या नातवंडांना वाटेल, आपले पणजोबा किती सभ्य बोलायचे!

पण तुमच्या घरात बिनसलंय ते सिनेमावरून नाही. हवालदार ते वाक्य साठ वर्षं म्हणतोय. सुनेनं तो सिनेमा याआधी पाहिलाही असेल. त्या रात्री वाक्य पहिल्यांदा आलं ते तुमच्या तोंडून, सासऱ्याच्या, आणि घर हसलं ते तुम्हाला. पत्रात तुम्हीच कौतुकानं लिहिलंय, ‘नटाच्या आधी मी म्हणालो.’ तेवढंच खटकलंय बघा.

आता ‘कुणाला काही वाटत नसे’ हे. मास्तर, तुम्ही सांगली जिल्ह्यातले. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’ आली १९५९ मध्ये, म्हणजे तुमच्या तमाशापटाच्या आसपासच. जन्मानंच गुन्हेगार ठरवलेल्या माणसांना सरकारात हजेरी लावताना काय वाटतं, ते त्यात पानोपानी आहे. वाटत होतंच. ऐकायला आपण तिथं नव्हतो.

मी स्वतःही नव्हते. माझं माहेर तासगावकडचं. सुगीच्या आधी आमच्या अंगणात कैकाडी कुटुंब यायचं, निरगुडीच्या नि तुरीच्या काड्यांच्या कणग्या विणायला. त्यातल्या बाईची बोटं इतकी झरझर चालायची की आम्ही पोरं शाळा बुडवून बघत बसायचो. एका जत्रेत तंबूतल्या टॉकीजला ती आमच्या पुढच्याच ओळीत होती, मांडीवर पोर घेऊन. पडद्यावर असंच काहीतरी वाक्य आलं. तंबू हसला. तीही हसली. मी कितीतरी वर्षं समजत होते की तिला ते चाललं. चारशे माणसं हसताना एकटीनं गप्प बसायचं, तर हिंमत किती लागेल, हा हिशेब मला पन्नाशी उलटल्यावर जमला. तोवर मीही लेकीला ‘कैकाडणीसारखी ओरडू नको’ म्हणून मोकळी झाले होते.

तुमच्या सुनेनं तसं हसायचं नाकारलं. आवाज न करता उठली. त्याला मी रुसवा म्हणणार नाही.

शब्दाचं म्हणाल तर हा एरवीचा मामला नाही. बाहेरच्यांनी लोकांना चुकीची नावं चिकटवली, ती बदलता येतात. कॅनडात ‘एस्किमो’ गेलं, ‘इन्युइट’ आलं. इथं तसं नाही. ‘कैकाडी’ हे जमातीचं नावच आहे, तुमच्या सुनेच्या जातीच्या दाखल्यावर प्रांताधिकाऱ्यांच्या सहीनं तोच शब्द असेल. नाव वाईट नाही. त्याला ‘सारखी’ जोडून शिवी आपण केली. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. हे ओझं देशभरातून उतरलं १९५२ मध्ये, कैकाडींसारख्या जमातींना ‘विमुक्त’ म्हणतात ते त्यामुळे. कायदा गेला, पण हवालदाराचं वाक्य तेवढं आपण पाठ करून ठेवलं.

(२००९ मध्ये ‘बिल्लू बार्बर’ या हिंदी सिनेमाच्या नावातला ‘बार्बर’ केशकर्तन करणाऱ्यांच्या संघटनांच्या आक्षेपामुळे गेला, तेव्हा मी नाक मुरडलं होतं. इतकं काय मनाला लावून घ्यायचं, असं. आज मुरडणार नाही.)

तर माफी मागा. मुलगा सांगतो म्हणून नको, आणि शनिवारी सगळ्यांसमोर तर अजिबात नको. तिला पुन्हा घोळक्यात बसून मोठं मन दाखवावं लागेल. सकाळी ती ओट्याशी एकटी असेल तेव्हा जा. ‘बाळा, ते वाक्य मी म्हणायला नको होतं, चुकलं माझं.’ एवढंच. ‘तुला वाईट वाटलं असेल तर’ हे शेपूट लावू नका. वाटलंच आहे. तो काळ, तो दिग्दर्शक, तमाशापटांचं योगदान, सगळं घशात दाबून ठेवा. मास्तर लोकांना हे जड जातं, माझे यजमानही मास्तरच होते. ती बहुतेक ‘काही नाही हो बाबा’ म्हणेल आणि लसूण सोलत राहील. ‘मग येतेस ना शनिवारी?’ असं लगेच विचारू नका.

तुमच्या मंडळी म्हणतात की तिनं तोंडावर बोलायला हवं होतं. दीड वर्षाच्या सुनेनं? त्या स्वतः दीड वर्षाच्या असताना सासऱ्यांना काय काय तोंडावर बोलल्या होत्या, ते एकदा विचारून बघा.

शनिवारी सिनेमा लावा, हवा तो लावा. भडंगाची तिची वाटी भरून ठेवा. ती आली नाही तर वाटी आत नेऊन द्या, आणि ती तुम्हीच न्या.

— तुमची ताई